दुपारी बंद पडणारी छत्री

सिग्नल मोजायचं मीटर सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि दादासाहेब सांगत होते की नाही.

देवासचं घर. गच्चीवर आठ फुटी जाळीची डिश, खाली खोलीत ऐंशी ओलांडलेले दादासाहेब आणि मध्ये जिन्यावरून खालीवर करणारा मी. माझं दुकान धारला. अशा मोठ्या छत्र्या बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. धामनोदच्या ढाब्यांवरच्या, बदनावरच्या आडत्यांच्या, सगळ्या एकेक करून भंगारात गेल्या. त्यामुळे अशी छत्री अजून चालू ठेवणारं घर भेटलं, की पल्ला लांबचा असला तरी मी जातो. बायको याला खूळ म्हणते.

दादासाहेब शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे नजर गेली. त्यांना टीव्ही नको होता. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून येणारा मराठी रेडिओ हवा होता, आणि त्यांचं आवडतं केंद्र या मोठ्या छत्रीवरच लागायचं. रिमोटची बटणं बोटांना पाठ होती. मुलाने मोबाईल दिला होता, पण त्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही सापडत नाही, अशी त्यांची तक्रार.

आताची तक्रार वेगळी होती. महिनाभर रोज दुपारी आवाज तुटायला लागतो, मग बंदच पडतो, आणि चारच्या सुमारास आपोआप सुरू होतो. मुलगा संजय संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा रेडिओ ठणठणीत. पहिल्या भेटीला मीही संध्याकाळीच पोचलो, तेव्हा त्याने मला जिन्यात गाठलं.

"भिया, सच्ची सांगू? डिशमध्ये काही गडबड नाही. बाबांना भास होतात. डॉक्टरला दाखवणार आहे मी. आणि ही छत्री पण निकालून टाकतो, कबाडीला रविवारी बोलावलंय."

जिन्यातलं बोलणं खोलीत ऐकू जातं हे त्याच्या लक्षात नव्हतं. मी खाली आलो तेव्हा दादासाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही मशीन तपासा. मला तपासायला डॉक्टर येणार आहेत."

मला ते लागलं. रेडिओ गेला तर त्यांची दुपार जाणार होती. पण त्याहून मोठं म्हणजे घरात त्यांच्या शब्दाची किंमत जाणार होती.

थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. उपग्रह आकाशात आपल्यापुरता एकाच जागी उभा असतो आणि छत्रीने नेमकं त्याच्याकडेच बघायला हवं. डावी-उजवी दिशा म्हणजे अझिमथ, खाली-वर म्हणजे एलिव्हेशन. छत्रीसमोर टांगलेला डबा सिग्नल पकडतो, तो एलएनबी. जुना रेडिओ आधी खरखरायचा, मग हळूहळू बुडायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी आवाज स्वच्छ, त्याच्या जरा खाली गेला की तुटक, मग शांतता. म्हणजे छत्री अगदी थोडी सरकली तरी पुरे.

दुपारी बिघाड म्हटल्यावर माझा पहिला संशय उन्हावर. तापल्यावर दगा देणारे एलएनबी मी खूप पाहिलेत. नवा बसवला, केबलची टोकं बदलली आणि धारला परतलो. दोन दिवसांनी, कुणाकडून तरी नंबर लावून घेऊन, दादासाहेबांचाच फोन आला. दुपारी पुन्हा बंद.

दुसऱ्या खेपेला फोन करून मुद्दाम भर दुपारी गेलो. ऊन असं की जाळीला हात लागला तर चटका बसे. दोन तास गच्चीवर बसलो. मीटर हललं नाही. खाली रेडिओ खणखणीत बोलत होता.

"आज नाही पडला बंद," दादासाहेब ओशाळून म्हणाले. "रोज पडतो हो."

सून वसुधावहिनींनी पोहे दिले. संजयला फोनवर कळवलं, तर तो म्हणाला, "बघा, मी सांगितलं होतं ना." खरं सांगतो, त्या क्षणी माझाही विश्वास डळमळला.

परतताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी गेलो तेव्हा गच्ची ओली होती. मे महिन्यात, पाण्याची ओरड असताना, माझ्यासाठी गच्ची धुतली होती. आपल्या घरांतून बाहेरचा माणूस येणार म्हटलं की आवराआवर होतेच. मग धुण्याआधी तिथे काय होतं? आणि ते नेमकं मी येणार म्हणूनच हलवलं असेल तर?

रविवारी भर दुपारी, भंगारवाला कबाडी यायच्या आधी पोचलो. या वेळी फोन केला नाही. संजयने दार उघडलं आणि रागावलाच, "अरे भिया, फोन तर करायचा!"

आत दादासाहेब मांडीवर रिमोट घेऊन बसले होते. रेडिओ गप्प. "बंद आहे," ते म्हणाले. संजयला वाटलं, त्यांनीच बंद केलाय. मी थेट वर गेलो.

गच्चीभर प्लास्टिकवर पांढऱ्याशुभ्र कुरडया. वसुधावहिनी टाकीच्या सावलीत कावळे हाकायची काठी घेऊन बसलेल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात विकतच्या कुरडया मांडायच्या नाहीत असा त्यांचा हट्ट. पश्चिमेकडून लू, म्हणजे उन्हाळ्यातला झळांचा वारा, धूळ घेऊन येते, म्हणून आडोशाला जुनं नऊवारी लुगडं बांधलं होतं. एक टोक टाकीच्या पाइपाला आणि दुसरं माझ्या छत्रीच्या काठाला.

वहिनी लगबगीने उठल्या. "अगंबाई, तुम्ही येणार माहीत असतं तर आवरून ठेवलं असतं."

"तेच तर," मी म्हटलं आणि मीटर जोडलं. वाऱ्याने लुगडं फुगलं की आकडा कोसळायचा. छत्रीच्या बिजागरीतला बुश, म्हणजे आतली धातूची नळी, झिजून झोल आला होता. एरवी छत्री स्वतःच्या वजनाने जागेवर बसायची, ओढलं की सरकायची. संजयला बोलावून त्याच्याच हाताने गाठ सोडायला लावली. गाठ सुटली, छत्री जागेवर गेली आणि खालून निवेदिकेचा आवाज आला.

वहिनींचा चेहरा उतरला. सासऱ्यांना त्या जुन्या रीतीने मामंजी म्हणत. "म्हणजे महिनाभर मामंजींचा रेडिओ मीच बंद करत होते?" त्यांना कळणार तरी कसं? रेडिओ बंद असायचा तेव्हा त्या वर कुरडया राखायच्या, आणि सगळं सोडून, गुंडाळून खाली यायच्या तेव्हा तो सुरू झालेला असायचा.

मी बुश बदलला, आडोशासाठी वेगळा पाइप उभा केला. कबाडीला संजयने दारातूनच परत पाठवलं. मग तो बापाच्या खाटेशी जाऊन बसला.

"संजय," दादासाहेब म्हणाले, "बंद पडत होता ना?"

"हो बाबा."

"जरा मोठ्याने सांग. घरात सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

संजय मोठ्याने म्हणाला, "बंद पडत होता, बाबा. तुम्ही बरोबर होता."

दादासाहेबांनी रिमोट चाचपला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

तेव्हापासून बिघाड अधूनमधून येतो म्हणणाऱ्या घरी मी न कळवता जातो. दार उघडणाऱ्याच्या कपाळावर आठ्या असतात, पोहे तर मिळतच नाहीत. पण छत्री रोज असते तशी भेटते. आणि दिवसभर तिच्याखाली बसणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घेतो. मीटर त्यानंतर.