पिंजारणीची मे महिन्याची सुट्टी

शाळेला सुट्टी लागली की कोल्हापुरातली निम्मी पोरं मामाच्या गावाला जातात आणि उरलेली रंकाळ्यावर. पिंजाऱ्याची पोरं कुठंच जात नाहीत. पावसाच्या आत गाद्या उसवून, कापूस पिंजून, पुन्हा भरून घ्यायची आठवण सगळ्या गावाला नेमकी मे महिन्यात होते. त्यामुळं गैबी पिंजाऱ्याच्या घरात मे म्हणजे नाकातोंडात कापूस, पोरांच्या भुवया पांढऱ्या आणि बायको रोशनबीच्या हातात दिवसभर दाभण.

रोशनबीनं पोरांना समुद्र दाखवायचं कबूल केल्याला तीन वर्षं झाली होती. तिन्ही वर्षं हंगाम आडवा आला. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र तिनं कंबर कसली. थोरली हाफिजा नववी झाली होती आणि घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू होती. रोशनबीला स्वतःला चौथीतून उठवलं होतं ते थेट कामाला जुंपलं होतं. सुट्टी नावाची चीज तिनं कधी पाहिलीच नव्हती. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही. लग्न काय, आज ना उद्या होईल, पण त्याआधी पोरगी समुद्रात उभी राहिली पाहिजे, एवढं एकच तिनं डोक्यात घेतलं होतं.

"औंदा पोरांस्नी दर्या दाखवायचा," तिनं जेवताना जाहीर केलं.

गैबीचा घास हातात थांबला. "हंगामात? डोस्कं फिरलंय काय तुझं?"

"हंगाम दर साली येतोय. हाफिजा काय दर साली ह्या घरात असणार हाय?"

सासू इमामबी चुलीपाशी बसली होती. "पाणीच बघायचं हाय न्हवं? मग रंकाळा काय आटलाय?"

"रंकाळ्याचा पल्याडचा काठ दिसतोय. मला न दिसणारा दाखवायचाय."

"जा की," गैबी हसला. "राहायचं कुठं? खायचं काय? तिथं तुझी मावशी बसलीया व्हय?"

हा टोला वर्मी लागला, कारण तो खरा होता. एसटीचं भाडं तिनं अंडी विकून जमवलं होतं, धाकट्या दोघांना अर्धं तिकीट. पण समुद्रकाठी रोज खोलीचं भाडं भरायचं म्हणजे पिंजाऱ्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. रोशनबी गप्प बसली. ती गप्प बसली की गैबीला वाटायचं प्रकरण मिटलं. सोळा वर्षं संसार करूनही माणसाला एवढं कळू नये, याला काय म्हणावं!

चारच दिवसांनी ती शाहूपुरीत रत्नाबाईंच्या घरी गादी शिवत बसली होती. पिंजाऱ्याच्या धंद्याची रीतच अशी, की मोठ्या घरचं काम असलं तर त्यांच्याच पडवीत मुक्काम टाकून करायचं. जागा त्यांची, जेवण त्यांचं, हात आपले. रत्नाबाई समोर तांदूळ निवडत लेकीचं गाऱ्हाणं सांगत होत्या.

"आमच्या राजमतीच्या गाद्यांचं नुसतं दगड झाल्यात बघ. जावई बँकेत, बदली झाली वेंगुर्ल्याला. दमट हवा. आन् तिकडं पिंजारी म्हणून फिरकत न्हाय."

त्या गाद्या राजमतीच्या लग्नात रोशनबीनंच भरल्या होत्या. तिचा दाभण थांबला.

"किती गाद्या?"

"चार. आन् सहा उशा."

"घर समुद्रापास्नं किती लांब?"

"गादीला समुद्राचं काय करायचंय गं?"

"गादीला न्हाय. मला करायचंय."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती बेत पक्का करूनच. राहायला राजमतीची समुद्राकाठची पडवी, दोन वेळचं जेवण रितीप्रमाणं आणि समुद्र फुकट.

"मी हंगाम सोडून येणार न्हाय," गैबी म्हणाला.

"तुम्हास्नी कोण बोलावलंय?"

"मग धनुकली कोण चालवणार?"

"मी."

बायकांनी खोळी शिवायच्या, कापूस भरायचा. पण कापूस पिंजायची ती पुरुषभर उंचीची धनुकली पुरुषानंच धरायची. बाईनं तिची ताणलेली दोरी, ती तात, छेडली की घरची बरकत जाते, असं म्हणत. बातमी भिंतीपलीकडं गेली आणि शेजारची झुंबरबाई लुगडं सावरत धावत आली. "रोशनबी, असलं काय बी करू नगंस गं!"

"माझ्या बापाला पोरगा नव्हता," रोशनबी म्हणाली. "त्याची धनुकली मीच चालवत होतो. तवा काय बरकत गेली न्हाय. ती बरकत खाऊनच मी एवढी झालो."

"लोक काय म्हणतील?" इमामबीनं कपाळाला हात लावला.

"लोक गादीवर झोपतील. दुसरं काय करणार हैत?"

गैबीनं आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला. रोशनबीनं त्या दोन दिवसांत भाकऱ्या बडवल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि सासऱ्यांची जुनी धनुकली माळ्यावरून काढून तिला नवी तात चढवली. तिसऱ्या दिवशी सकाळी हाफिजा, अमीन आणि धाकटा निसार यांना घेऊन ती स्टँडवर हजर. कंडक्टर धनुकलीकडं बघतच राहिला.

"ओ मावशी, ह्ये असलं गाडीत चालायचं न्हाय."

"गवई तंबोरा घिऊन आला असता तर चाललं असतं न्हवं? मग ह्यो आमचा तंबोरा."

गाडीतली माणसं हसली आणि धनुकली चढली. आजरा मागं पडला, आंबोलीचा घाट उतरला, आणि उन्हं कलताना पोरांनी वेंगुर्ल्याचा समुद्र पाहिला. निसार तर आईच्या मागं लपला. हाफिजा नुसती बघत राहिली. नंतर ती म्हणाली, "आम्मा, ह्याला काठच न्हाय की गं." रोशनबीला हसू आलं आणि रडूही.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. पोरांवर डोळा ठेवून काम उरकावं म्हणून तिनं कापूस थेट वाळूवर नेऊन मांडला. कोल्हापूरच्या अंगणात वारा येतो तो पाहुण्यासारखा विचारपूस करत. इथं तो घरमालकासारखा आला. तिनं तातेवर चार ठोके मारले नाहीत तोच कापूस उडाला आणि केवड्याच्या काट्यांत, होड्यांवर, कोळणींच्या टोपल्यांत जाऊन बसला. सगळा किनारा हसला. रोशनबी क्षणभर शरमेनं काळवंडली, मग ओरडली, "बघताय काय? वेचा की!" तिची पोरं धावली, पाठोपाठ कोळ्यांची पोरंही धावली. काटे टोचले, तरी मूठ मूठ करत बहुतेक कापूस परत आला. त्यानंतर तिनं शहाण्यासारखं पडवीला चादरी बांधून भर उन्हातच पिंजायला घेतलं, कारण सांजावलं की दमट हवेत कापूस फुलायचाच नाही. राजमती जैनांच्या रितीनं दिवे लागायच्या आत सगळ्यांना वाढायची. मग पोरं पुन्हा पाण्याकडं पळायची. रोशनबीचं मात्र पाणी राहूनच जात होतं. ती उशा शिवत बसायची.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटच्या गादीला ती टाके घालत होती आणि पायरीवर सावली पडली. वर बघते तो गैबी! प्रवासानं चेहरा धुळकट झालेला.

"उठा. सामान बांधा," तो म्हणाला. "परवा गडहिंग्लजचं पावणं हाफिजाला बघायला येत्यात. उद्याच्या गाडीनं निघायचं."

"परवा यायला त्यांस्नी कोण सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"मग आता न्हाय म्हणून सांगा. आमची सुट्टी अजून चार दिवस हाय."

गैबीनं तोंड उघडलं, पण राजमती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. परक्या घरात ओरडता येईना. तो पाणी प्यायला आणि सवयीनं शेजारच्या भरलेल्या गादीवर गेला. पिंजारी दुसऱ्याची गादी नुसती बघत नाही, तपासतो. दोन्ही तळवे टेकून त्यानं ती उशापासून पायथ्यापर्यंत दाबली. कुठं गाठ लागते का बघितलं. मग दुसरी. मग तिसरी. एकही गाठ लागली नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरला, आणि मग त्यावर नवल उमटलं.

"कापूस कुणी पिंजला?"

"मी."

तो तिच्या हातातल्या गादीकडं बोट करून पुटपुटला, "ह्या कोपऱ्यातला टाका ढिला हाय."

खालून, पार पाण्यातून, हाफिजाची हाक आली. "आम्मा! ये की!" गुडघाभर पाण्यात उभी राहून ती दोन्ही हात हलवत होती. पदर सुटलेला, केस ओले, आणि परवा आपल्याला कुणी बघायला येणार आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती.

रोशनबी उठली. तिनं दाभण नवऱ्याच्या हातात दिला.

"मग घाला की तुम्हीच," ती म्हणाली. "आन् पावण्यांस्नी तार करा, पोरगी शाळंत जाती, धावी झाल्याबगर दाखवायची न्हाय. मी चाललो पोरीकडं."

ती पायऱ्या उतरली. गैबीनं एकदा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहिलं, एकदा दाभणाकडं. मग मांडी घालून तो राजमतीच्या पडवीत बसला आणि टाके घालू लागला.