पाडसाची हाक

फटफटीचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. ओठ सैल सोडायचे, घशात पाणी धरल्यासारखं करायचं आणि पोटातून धक्के द्यायचे. पोलीस अॅक्शन होऊन थोडेच महिने झाले होते. एका दुपारी शहरातल्या गौलीगुड्यात, आमच्या गल्लीत हा आवाज काढत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. वाटलं, पोरं मागं पळतील, बाया हसतील. तर धडाधड खिडक्या लागल्या. एका म्हातारीनं वाळत घातलेल्या मिरच्या तशाच टाकून दाराला आडणा लावला. मिनिटात गल्ली रिकामी, आणि मधोमध मी, तोंडाचा चंबू करून उभा.

अक्कानं कान धरून मला घरात ओढलं. "मुडद्या, मागल्या साली या आवाजामागून बंदुका घेऊन कोण यायचं ते विसरलास?"

"विसरलो नाही, म्हणून तर इतका चांगला येतो," मी म्हणालो.

मग दुसराही कान लाल झाला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरी मी तालुक्याच्या गावाहून येऊन पडलो होतो. वय एकोणीस, नोकरी नाही. आमच्या गावातली शाळा उर्दूत चालायची. तिथं मी दोनच गोष्टी शिकलो, मोत्यासारखं उर्दू अक्षर आणि सगळ्या मास्तरांचे आवाज. पहिलीबद्दल शाबासकी मिळाली, दुसरीबद्दल छड्या.

तेच अक्षर अक्काच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या, उपयोगी पडलं. दाजी मुलकी खात्यात होते. गावोगाव जाऊन पिकाच्या नुकसानीचे पंचनामे करायचे. ते सांगायचे, मी लिहायचो. जाणं-येणं त्यांच्या फटफटीवर. महायुद्ध संपल्यावर सिकंदराबादेत लष्कराच्या जुन्या फटफट्या विकायला निघाल्या, त्यातली ही एक. मागं लोखंडी कॅरियर, त्यावर गोणपाटाची घडी, घडीवर मी.

त्या हिवाळ्यात पंचनामे एकाच गोष्टीचे होते. हरणं. शहराबाहेर एका जहागीरदाराची शिकारगाह होती, भिंत घातलेलं मैलोगणती रान. आतल्या चितळाला त्याच्याशिवाय कुणी दगडसुद्धा मारायचा नाही. वर्षाला एकदा तो पाहुणे घेऊन यायचा, वेठीला धरलेली आजूबाजूची गावं आरडाओरडा करून रान उठवायची आणि चितळांची संख्या आटोक्यात राहायची. आता जहागीरदार शहरातल्या घरात दार लावून बसलेला, गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा. शिकार बंद, भिंत जागोजागी ढासळलेली. चितळं वाढता वाढता इतकी झाली की रानातलं गवत पुरेना. रोज उन्हं कलली की भिंतीच्या खिंडारातून बाहेर पडायची, रस्ता ओलांडून ज्वारीत शिरायची. एका रात्रीत शेत साफ. तरी शेतकरी त्यांना हात लावायला भ्यायचे. जहागीरदार गेला पण त्याची भीती तिथंच राहिली होती.

आणि तो रस्ता आमचा येण्याजाण्याचा.

दाजींना त्या रस्त्याची फार धास्ती. एका बैलगाडीवाल्याचा बैल हरणाच्या धडकेनं खड्ड्यात गेलेला त्यांनी पाहिला होता. "बैलाला चार पाय होते, आपल्याला दोन चाकं," ते म्हणायचे. भिंत सुरू झाली की फटफटी माणसाच्या चालीनं. हॉर्न वाजवायचा नाही. एक हरण दिसलं की थांबायचं, कारण पहिलं कधी एकटं नसतं. शेवटचं गेल्याशिवाय गियर टाकायचा नाही. मी मागून म्हणायचो, "दाजी, ती गोगलगाय पुढं गेली बघा." ते म्हणायचे, "जाऊ दे, साळेसाहेब. तिच्या बहिणीचं लग्न नाही झालेलं माझ्याशी."

शेवटचं हरण कसं ओळखायचं, हे त्यांना एका म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. रस्त्याकडेच्या गावात राहायचा. आयुष्यभर त्यानं जहागीरदाराच्या शिकारीत एकच काम केलं, चितळांना आवाज देऊन बंदुकीपुढं आणायचं. मी त्याला चाचा म्हणायचो. दाजी शेतं मोजायचे तेव्हा मी चाचाच्या ओट्यावर. नराची आरोळी शिकलो, धोक्याचं 'कू' शिकलो. पाडसाची हाक मात्र तो शिकवेना. मी त्याचाच आवाज काढून त्यालाच इतका हसवला की शेवटी कबूल झाला. दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडावर, मान जमिनीकडे, आणि नाकातून बारीक, फाटकी हाक. नीट जमली तर ती कुठून आली ते जवळच्याला कळत नाही.

पहिल्यांदा जमली तेव्हा मी खूश, चाचा नाही. "ये कम निकालना बेटा," तो म्हणाला. "नर आवाज सुनके सोचता. माँ सोचती नै, सीधी आती."

मी मान हलवली. मान हलवायचाही मला चांगला सराव होता.

त्या दिवशी पंचनाम्याला उशीर झाला. एक शेतकरी म्हणाला अर्धं शेत खाल्लं, शेजारी म्हणाला पाव. दोघांचं भांडण सोडवेपर्यंत सूर्य भिंतीवर टेकला. आता अंधाराआधी शहराच्या तोंडावरचा नाका गाठायचा होता. नाक्यावर फौजेचे जवान असायचे, आणि अंधार पडल्यावर समोरून कुणी आलं तर आधी बंदूक, मग चौकशी, असं लोक सांगायचे. खरं-खोटं माहीत नाही. मला खरंच वाटायचं. मी दाजींचा कोट घट्ट धरून बसलो होतो.

भिंतीचं मोठं खिंडार आलं आणि पहिलं चितळ रस्त्यावर उतरलं. दाजी थांबले. एक पाय खाली, इंजिन हळू. डावीकडच्या खिंडारातून एकेक येत होती आणि उजवीकडच्या ज्वारीत जात होती. दाजी मोजत होते. अकरा गेली. बारावी मादी खिंडारात येऊन उभी राहिली. मान वर, पुढचा एक पाय उचललेला. पुढंही येईना, मागंही जाईना.

"चला ना दाजी."

"ती गेल्याशिवाय नाही."

"अंधार पडतोय."

"पडू दे."

सूर्य अर्धा राहिला, मग बोटभर. ती तशीच. नाक्यावरची बंदूक मला दिसायला लागली, तिचं तोंड माझ्याकडे. मी काही विचार केला असं म्हणवत नाही. ज्वारीकडे वळलो, ओंजळ तोंडाला लावली, मान खाली घातली आणि पाडसाची हाक दिली.

मादी सटकन रस्ता ओलांडून ज्वारीत गेली.

"पाडस राहिलंय वाटतं कुठंतरी," दाजी म्हणाले. "बिचारं. चला, गेली एकदाची." त्यांनी गियर टाकला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आधी ओलांडून गेलेल्या अकरांमध्येही आया होत्या, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि हाक ज्वारीतून नव्हे, फटफटीवरून आली होती. ज्वारी उजवीकडून दुभंगली आणि चार-पाच माद्या सरळ आमच्यावर आल्या. एकीचे डोळे मी पाहिले. पुढच्या चाकाला दणका बसला, आकाश खाली आलं.

शुद्धीवर होतो. तोंडात माती होती. फटफटी आडवी, चाक फिरतंय, पेट्रोलचा वास, आणि तिच्याखाली दाजी. पलीकडे मादी पडलेली. तिचे पाय थोडा वेळ हलले, मग थांबले. दाजींची मांडी जिथं वाकायला नको तिथं वाकली होती. "दाजी, दाजी" म्हणून मी हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले, काहीतरी म्हणाले, परत मिटले. मी फटफटी ओढून बाजूला केली. कशी केली ते आजही सांगता यायचं नाही.

गाव हाकेच्या पलीकडं होतं. पळालो. पण त्या गावानंही मागल्या साली फटफटीचा आवाज ऐकलेला होता. आज फटफटी आली, दणका झाला, आणि पाठोपाठ एक परका माणूस पळत येतोय. मी पोचेपर्यंत एकही दार उघडं नव्हतं.

पहिल्या दारावर मूठ मारली. आतून "एवरू?" आलं, कोण म्हणून, आणि लगेच कुणीतरी त्या आवाजावर हात ठेवला. मी तहसीलीच्या शिपायाचा आवाज काढला, "सरकारी काम है, दरवाजा खोलो!" आतला दिवा विझला. दुसऱ्या दारावर जवानाची हिंदी लावली. आडणा पडल्याचा आवाज आला. तिसऱ्या दारावर अक्काच्या शेजारणीची तेलुगू. तीही दाराला पटली नाही. एकेक करून माझे सगळे आवाज संपले, आणि प्रत्येक आवाज कुणाला ना कुणाला भिववणाराच निघाला. मागं रस्त्यावर दाजी एकटे. चाचाचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर पळायला दम उरला नव्हता. मी रस्त्यात बसलो. दोन्ही हात तोंडावर होते, रडू आवरायला. त्यातून जे बाहेर पडलं ती पाडसाची हाक होती. या वेळी मी ती काढली नव्हती.

टोकाचं दार उघडलं. चाचा अनवाणी आला, हातात काठी. त्यालाही बाहेर पडायची भीती होतीच. पावलापावलाला तो दोन्ही बाजूंच्या दारांकडे बघत होता. जवळ येऊन त्यानं मला पाहिलं, माझ्या ओंजळीकडे पाहिलं.

"रस्ते पे येच निकाला?"

मी मान हलवली.

"कित्ते आए?"

"चार-पाच."

त्यानं एक कानाखाली ठेवून दिली, आणि त्याच हातानं मला उठवलं. मग प्रत्येक दारापुढं उभं राहून तो नावं घेऊन ओरडला. त्याच्या आवाजावर दारं उघडली. बाज आली, बैलगाडी आली. दाजींना बाजेवर घेताना ते ओरडले तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण ओरडतोय म्हणजे माणूस आहे. गावच्या पटेलानं मेलेल्या मादीकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं, "साब, इसका पंचनामा?" तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मी म्हणालो, होईल. नाक्यावर कुणी बंदूक रोखली नाही. जवानांनीच दाजींना उचलून ट्रकमध्ये ठेवलं आणि एकानं आपलं कांबळं त्यांच्यावर घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय राहील, थोडा आखूड होईल. अक्कानं ते उभ्यानं ऐकलं. मग माझ्या खरचटलेल्या कोपराला हळद लावत बसली. "तू होतास म्हणून वाचले रे," म्हणाली. मी जागचा उठून बाहेर गेलो. तिला वाटलं, हळद झोंबली.

दाजींचा पाय वजनं लावून टांगून ठेवला होता. ताप उतरला तशी त्यांनी पहिली चौकशी केली ती पाडसाची. "त्याची आई आपल्यापायी मेली. ते ज्वारीत कुठंतरी असेल. दुधाशिवाय किती दिवस काढणार?" मी म्हणालो, असेल कुणी दुसरी आई. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी एका शिपायाहाती गावात निरोप धाडला.

त्यानंतर मला झोप लागेना. दाजी डोळे मिटून पडलेले दिसले की बरं वाटायचं, उघडले की मी खिडकीकडे वळायचो. अक्का म्हणायची, "त्यांना हसव ना जरा, तहसीलदार करून दाखव." मी तहसीलदार केला. शेजारच्या खाटा हसल्या. दाजी म्हणाले, "पाडसाचं काही कळलं?"

चौथ्या दिवशी चाचा दवाखान्यात आला. दाजींची विचारपूस केली आणि मला व्हरांड्यात घेऊन गेला. "गाँव के बच्चे दूध का कटोरा लेके घूमरे," तो म्हणाला. "सुबे-शाम. ज्वारी में आवाजाँ दे दे के. मैं कुछ नै बोला. मैं बोलूँ क्या?"

"नक्को चाचा."

"फिर?"

तो गेला. मी आत आलो तर दाजी उशीला टेकून बसले होते. "कागद घे," म्हणाले. "त्या मादीचा पंचनामा राहिलाय. लिही."

मी लिहायला लागलो. जागा, वेळ, फटफटीची चाल. त्यांनी स्वतःची चूकही लिहायला लावली, की बाकीचा कळप नजरेआड असताना गियर टाकला. "त्यात तुमची काय चूक?" मी म्हणालो. ते म्हणाले, "लिही. कारण, ज्वारीतून पाडसाचा आवाज आल्यामुळे माद्या उलट फिरल्या. सदर पाडसाचा शोध चालू आहे."

'आवाज'पर्यंत आलो आणि टाक थांबला. शाईचा ठिपका पसरत गेला. इतकं घाणेरडं पान माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

"काय झालं?"

"दाजी, पाडस नाहीये."

"म्हणजे? मेलं?"

"नव्हतंच."

मग सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. दाजी टांगलेल्या पायाकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काढ बघू," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"तीच हाक."

मी ओंजळ केली. तोंडाला लावली. ओठ हलले, पण आवाज निघेना.

"राहू दे," ते म्हणाले. "दुसरा कागद घे. लिही, आवाज पाडसाचा नव्हता, माणसाचा होता."

"कुणाचा लिहू?"

"तूच सांग."

मी लिहिलं, आवाज पंचनामा लिहिणाऱ्याचा होता. शाळेतल्या मास्तरांनी ते अक्षर ओळखलं नसतं. दाजींनी कागद दोनदा वाचला. सही केली. घडी घालून माझ्याच हातात दिला.

"शिपायाला गावात धाड. पोरांना म्हणावं, दूध पिऊन टाका." मग म्हणाले, "आणि अक्काला तू सांगायचं. मी नाही सांगणार. मला भीती वाटते तिची."

व्हरांड्यात डब्याची कडी वाजली. अक्काची चाल मी डोळे मिटून ओळखतो, ती मला काढताही येते. मी कागद खिशात घातला, परत बाहेर काढला, आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो.