कापसाच्या घरात इंजन

घाटंजीच्या आमच्या घरात त्या साली बैठकीची खोली छतापर्यंत कापसानं भरली होती. कापूस माझ्या धाकट्या भावाचा. भाव वाढेपर्यंत तो घरात ठेवायची आमच्याकडे रीतच आहे, आणि बाजार माझ्या घरापासून जवळ, म्हणून सगळी वेचणी त्यानं माझ्याकडे आणून ओतली. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या वाईट बातमीशिवाय येत नव्हतं, आणि भाव काही हलत नव्हता. मी गॅस उचलून मागच्या ओसरीत मांडला. देवापुढचा दिवा बंद केला. पाहुण्याच्या खिशातली काडीपेटीसुद्धा फाटकाशीच मागून घ्यायची. लोक हसायचे. हसोत. भावाचं अख्खं वरीस माझ्या भरवशावर त्या खोलीत पडलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच यांच्या डोक्यात विमान शिरलं.

हे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे मास्तर. हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं, पलंगाच्या रुंदीएवढ्या पंखांचं विमान यांनी घरीच बनवलं होतं. फक्त इंजन बाकी होतं. नागपूरच्या दुकानदारानं ओळखीवर दोन दिली, आवडेल ते ठेवा, दुसरं परत करा म्हणून. एक होती बॅटरीवर फिरणारी मोटर. दुसरं खरंखुरं इंजन, मुठीएवढं, मिथेनॉल आणि एरंडीच्या तेलावर चालणारं. त्याची बाटली घरात आली त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

"अजी, मोटरच ठेवा नं," मी म्हटलं. "ना तेल, ना आग."

"अवं, ते मोटर मच्छरावानी करते. विमान उचलाले जोर लागते."

बाजाराच्या दिवशी भाऊ आला. आल्या आल्या खोलीचं दार उघडून कापूस पाहिला, हात फिरवला, आणि दार तसंच उघडं ठेवून अंगणात आला. यांनी इंजन स्टुलावर पक्कं आवळून ठेवलेलं.

"कायले इथं लावता? शेतात न्या," मी म्हटलं.

"ताई, आवाज तर आयकू दे," भाऊ म्हणाला. माझाच भाऊ, आणि बाजू भाऊजींची.

यांनी लाकडाच्या कांडीनं पंखा फिरवला. पुन्हा फिरवला. इंजन खोकललं, तेल ओकलं आणि बंद पडलं. स्टूल ओलं झालं. भावानं खोलीतून मूठभर कापूस घेतला आणि पुसलं. आमच्या घरांत पुसायला कापूसच. आणि तो फेकायचा मात्र नाही, वाटेत पडलेला चिमूटभर कापूसही उचलून ढिगावर टाकायचा, हे आईनं आम्हा दोघांच्या हाडीमासी खिळवलेलं. पुसून झाल्यावर त्यानं तो बोळा सवयीनं दारातून ढिगावर भिरकावला.

"गरम हाय बुवा तुमचं इंजन," बोटं झटकत तो म्हणाला.

इंजन कसलं गरम! ते तर चालूच झालं नव्हतं. मी खोलीकडे पाहिलं. खोकलतानाच ओकलेलं तेल पेटलं होतं. मिथेनॉलचा जाळ उन्हात दिसत नाही, पण खोलीतल्या अंधारात दिसला. निळा, ढिगावरून सरकत चाललेला.

हे बादली घेऊन धावले. "पानी नोका टाकू!" मी ओरडले. भिजलेला कापूस कोण घेणार? मी दोन्ही हातांनी जळता बोळा आणि आजूबाजूचा कापूस ओरबाडून अंगणात फेकला, भावानं पायांनी तुडवला. ओंजळीभर गेला, बाकी वाचला. माझे तळहात मात्र सोलले.

पण वाचला म्हणजे काय? कापसात विस्तव लपून बसतो. वरचा थर आम्ही अंगणात पसरला, तरी माझं मन मानेना. त्यानंतर रोज कितीदा तरी मी पट्टी बांधलेला हात कोपरापर्यंत ढिगात खुपसून ऊब लागते का ते पाहायची. पट्टीतून कळायचं नाही, म्हणून पट्टी काढून पाहायची. हे एक दिवस उठले, इंजन डब्यात घालून नागपूरला परत करून आले.

पुढच्या बाजाराला भाऊ कापूस न्यायला बैलबंडी घेऊन आला.

"अरे, भाव तर वाढला नाही अजून," मी म्हटलं. "थांब नं. मी हावो नं कापसाले पाहाले."

त्यानं माझा हात उलटा करून पाहिला. जखम पुन्हा पुन्हा उघडलेली.

"भाव वाढन तवा वाढन," तो म्हणाला. "माह्या कापसापायी तू दिवा नाही लावला, ताई. आता लाव."

पडत्या भावातच गेला सगळा. खोली झाडली तेव्हा भिंती किती मळल्यात ते दिसलं. यांनी विमान आणून तिथे मधोमध ठेवलं. त्याला आता मोटर बसवली होती. मी गॅस आत घेतला, देवापुढे दिवा लावला, आणि काडी विझवून ती थंड होईपर्यंत मुठीत धरून बसले.