क्लबने बिबट्या पाठवला

फुटबॉल क्लबच्या वरच्या मंडळींची एक भाषा असते. त्या भाषेत संघ कधी हरत नाही, तो 'शिकतो'. खेळाडू विकला जात नाही, 'नव्या प्रवासाला निघतो'. तिकीट महागत नाही, 'सामन्याचा अनुभव समृद्ध होतो'. आणि आम्ही, उन्हात घसे फोडणारे, गिऱ्हाईक नसतो. आम्ही 'कुटुंब' असतो. घरातली बातमी घरच्या माणसाला मोबाईलवर वाचावी लागली तर ते कुटुंब कसलं, हे या लोकांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. चांगलं कळत होतं. आमच्याकडे तेवढी अक्कल नसावी, असा त्यांचा अंदाज होता.

मला ही भाषा चांगली येते. काही वर्षं ती मराठीत मीच आणत होतो.

मी शहापूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळून आमचा फुटबॉलवेड्यांचा एक गट आहे. क्रिकेट-कबड्डीच्या या मुलखात फुटबॉल बघणारा माणूस गावाला थोडा कामातून गेलेला वाटतो, त्यामुळे आम्ही एकमेकांना धरून असतो. आटगावला गोदामात काम करणारे काही, उंबरमाळीचे काही, आणि मुरबाडच्या बाजूचे बरेच. शहरातल्या एका क्लबचे आम्ही पाठीराखे. घरच्या मैदानावर सामना असला की टेम्पो करायचा, ढोल घ्यायचा, भाकऱ्या बांधून घ्यायच्या आणि निघायचं. म्होरके मुरबाडकडच्या वैशाखरे गावचे एक काका. तरुणपणी अंबरनाथला एका कारखान्याच्या संघात बचावाला, फुलबॅक खेळलेले, आता भातशेती करतात. सामना बघताना अजूनही त्यांचा उजवा पाय जागच्या जागी हलतो.

क्लबने एकदा 'चाहते संवाद' नावाचा उपक्रम काढला. प्रत्येक गटाने एक प्रतिनिधी द्यायचा, क्लब त्याला पत्रं पाठवणार, त्याने ती गटाला सांगायची. इंग्रजी येतं म्हणून मला नेमलं. मला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं, एक मफलर मिळाला, आणि वर्षातून एकदा मुख्य अधिकाऱ्यांबरोबर चहा. पहिल्या चहाला त्या साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माझं आडनाव न चुकता घेतलं. एवढ्यावर मी विकला गेलो. खरं तर विकला गेलो म्हणणंही जास्त होईल. कोणी किंमत विचारलीच नव्हती.

क्लबची पत्रं कोरडी असत. 'चाहत्यांच्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे', एवढंच. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो, 'क्लबने आपलं म्हणणं मनापासून ऐकलं आहे आणि साहेब स्वतः लक्ष घालत आहेत.' 'मनापासून' माझं. 'स्वतः' माझं. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. क्लबच्या कोरड्या तोंडाला मी आपणहून लोणी लावत होतो.

गटातली माणसं मात्र भोळी नव्हती. क्लबची वाक्यं त्यांनी आपल्या घरी वापरायला काढली होती. बायकोने विचारलं की भाजी काय करू, तर आमच्यातला एक आटगाववाला म्हणायचा, "सगळे पर्याय खुले हाएत." कोणी टेम्पोला उशिरा आला तर, "आमी त्याच्या भावनांची नोंद घेतली हाय." आणि काहीही टाळायचं असलं की, "योग्य वेळी जाहीर करू." मी त्या हसण्यात सामील व्हायचो. घरी आलो की पुढचं पत्र पुन्हा गोड करून टाकायचो.

मग गेल्या हंगामाच्या शेवटी बातमी फुटली की पुढच्या वर्षी क्लबचं घरचं मैदान राज्याबाहेर जाणार. खरं म्हणजे कुजबुजच, पण असली कुजबुज सहसा खोटी नसते. क्लबला विचारलं. उत्तर आलं, 'क्लब अफवांवर भाष्य करत नाही.' फार बोंब झाली तेव्हा त्यांनी सगळ्या गटांची एक व्हिडिओ बैठक घेतली. आम्ही मुरबाडला एकाच्या मोबाईलच्या दुकानात लॅपटॉपभोवती बसलो. साहेब बराच वेळ बोलले. त्यात प्रवास होता, स्वप्न होतं, कुटुंब तर होतंच. मैदान नव्हतं.

काकांनी लॅपटॉपला तोंड लावूनच विचारलं, "साहेब, पुढच्या वर्षी आमचं मैदान कुठं?"

साहेब हसले. "फार छान प्रश्न आहे, काका. मला तर वाटतं याचं उत्तर मी तुमच्या गावात येऊन, तुमच्यात बसून द्यावं."

"कवा?"

"लवकरच."

"लवकर नाय. वार सांगा."

मागे कोणीतरी हसलं. साहेबही हसले. म्हणाले, "बरं, पुढच्या महिन्यातला पहिला रविवार. डन."

"डन," काका म्हणाले, आणि मागे सरून बसले. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आवतण म्हणजे जेवायला किंवा कार्याला बोलावणं, ते घरोघर जाऊन, हातावर हळदीच्या अक्षता ठेवून द्यायचं. फोनवर दिलेलं आवतण धरत नाहीत. आणि ज्याने आवतण दिलं त्याची जबान त्यात गुंतते. कार्य मोडलं तर त्यानेच पुन्हा प्रत्येक दारात जायचं, अंगणात उभं राहून सगळं सांगायचं, मगच त्या घरचं पाणी घ्यायचं. त्याच्या जागी दुसरा चालत नाही.

काकांनी साहेबांच्या नावाने आवतण दिलं. फटफटी काढली, अक्षतांची पुडी खिशात टाकली आणि दोन्ही तालुक्यांतल्या आमच्या सगळ्या घरी जाऊन आले. गावच्या पंचांना दिलं, आळीला दिलं. लोक विचारायचे, "खरंच येनार का रे तो?" काका म्हणायचे, "मी सांगतोय ना." कधी नव्हे ते वरचा माणूस येऊन तोंडावर उत्तर देणार होता. मैदान गेलं तर गेलं, पण कोणीतरी समोर येऊन 'गेलं' म्हणेल, एवढीच अपेक्षा होती. आणि त्या अपेक्षेला आता काकांची जबान तारण होती.

त्या रविवारच्या आधी दोन-तीन दिवस मला क्लबच्या संवाद विभागातून एका बाईंचा फोन आला. आवाज फार गोड होता.

"सर, जरा आपल्यातलं आहे हं. साहेबांना रविवारी नाही जमणार. पण आम्ही गावाला असंच नाही सोडणार, काहीतरी मस्त पाठवतोय."

"आणि मैदान?"

"ते जातंय, सर. पण अजून बाहेर नाही सांगितलेलं. तुम्ही आपलेच, म्हणून सांगितलं."

मी फोन ठेवला. काकांचा नंबर त्याच मोबाईलमध्ये होता. मी तो लावला नाही. मनाशी म्हटलं, साहेब शेवटी येतीलही. मनाशी म्हटलं, आपण सांगून कशाला वाईट व्हा. असली कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत.

रविवारी वैशाखऱ्याला खळ्यावर मांडव घातला होता. तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडीचा रस्सा, वाल. प्रत्येक घराने काही ना काही आणलेलं. ऊन चांगलंच चढलं होतं. काकांनी पांढरा सदरा घातला होता, साहेबांसाठी खुर्ची स्वतः पुसून ठेवली होती आणि रस्त्याकडे तोंड करून उभे होते. उंबरमाळीची मंडळी भल्या पहाटे निघून आलेली. मी मांडवात सगळ्यांशी हसून बोलत होतो.

गाडी आली. तिच्यातून कॅमेरावाला उतरला, झेंड्यांचं खोकं उतरलं, आणि मागून बिबट्या उतरला.

बिबट्या म्हणजे क्लबचा शुभंकर. माणसाएवढा, मखमली, डोळे टपोरे, तोंडावर कायमचं हसू. क्लबने त्या भागात, जिथं खरा बिबट्या महिन्यादोन महिन्यांत कोणाच्या तरी गोठ्याला येऊन जातो, तिथं चाहत्यांशी बोलायला मखमली बिबट्या पाठवला. पोरं ओरडली, कुत्री भुंकली. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो बरा, दिवसाढवळ्या आला."

काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "साहेब कुठं हाएत?"

बिबट्याने दोन्ही अंगठे वर केले.

"मैदान कुठं पुढच्या वर्षी?"

बिबट्याने छातीवर हात ठेवून बदामाची खूण केली. कॅमेरावाला म्हणाला, "काका, एक मिनिट, असेच थांबा, मस्त फ्रेम आहे."

एवढी खरी गोष्ट त्या क्लबने कधी केली नव्हती. एरवी जे काम ते पानंच्या पानं लिहून करायचे, तेच बिबट्याने एकही शब्द न बोलता केलं.

थोड्या वेळाने उकाड्याने हैराण होऊन तो मांडवामागे गेला आणि त्याने मुंडकं काढलं. आत तिशीचा, घामाने निथळलेला माणूस होता. काकूंनी त्याला ताक दिलं. काकांनी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, "काका, आईशप्पथ, आपल्याला काय म्हायती नाय. मुंडकं घातल्यावर बोलायची मनाई हाय, आन काढल्यावर इचारतो कोन." त्याला पोटभर जेवायला वाढलं. सबंध क्लबमधून आमच्या पंगतीला बसलेला तो एकटा.

मग काका माझ्याकडे वळले. पंगत बसलेली होती, सगळे ऐकत होते.

"सर, तुमाला काय म्हायती हाय का?"

"नाही हो काका," मी म्हणालो. "मलाही काही कळवलेलं नाही."

संध्याकाळी क्लबने जाहीर केलं. मैदान बदललं. निवेदनाला फोटो जोडला होता, आमच्या खळ्यावरचा. बिबट्याचा हात काकांच्या खांद्यावर, खाली ओळ, 'अंतर वाढेल, नातं तेच राहील.' साहेबांच्या सोयीने केलेल्या गद्दारीला काकांचा पांढरा सदरा पडद्यासारखा लावला होता. आणि निवेदनाच्या शेवटी होतं की हा निर्णय 'चाहत्यांच्या प्रतिनिधींना आधी विश्वासात घेऊन' झालेला आहे.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले होते, तेही मला बुडवताना.

निवेदन ग्रुपवर आलं. मग आटगाववाल्याने लिहिलं, "प्रतिनिधी म्हंजे सरच ना आपले?" त्याखाली दुसऱ्याने, "सर योग्य वेळी जाहीर करतील." कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वैशाखऱ्याला गेलो. काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, "दारं फिरायला गेलेत. आवतान खोटं जालं ना." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "नको, काकू. आधी सांगायचंय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. मी अंगणात उभा राहिलो. मांडव अजून उतरवला नव्हता आणि ती पुसलेली खुर्ची तिथंच होती.

काका आले ते गळून आलेले. फटफटी लावली आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी सांगितलं. फोन आला होता, मला माहीत होतं, पंगतीत खोटं बोललो. पत्रांमध्ये माझे शब्द घालायचो तेही सांगितलं.

"जालं सांगून?"

"झालं."

"नाय जालं," काका म्हणाले. "का नाय सांगितलं, ते रायलं."

मी भीती म्हणणार होतो, संकोच म्हणणार होतो. दोन्ही मराठीत चांगले शब्द आहेत. पण ते माझे नेहमीचे शब्द होते, गोड करायचे.

"ती बाई म्हणाली, 'तुम्ही आपलेच.'" मी म्हणालो. "मला बरं वाटलं, काका. तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, याचं बरं वाटलं. मांडवात तुम्ही रस्त्याकडे बघत होतात, तेव्हासुद्धा बरं वाटत होतं."

हे बोलल्यावर मला माझी जेवढी किळस आली तेवढी त्या साहेबांचीही कधी आली नाही. त्यांना निदान त्याचा पगार होता.

काकांनी एकदा मांडवातल्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "आपलेच. मंग आमी कोन होतो?" उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. आत बघून म्हणाले, "पानी आन गो."

मी पाणी प्यालो. काकांनी रिकामा तांब्या घेतला. "मुरबाडकडची दारं मी केली. आटगाव, उंबरमाळी तुमच्या अंगाला. ती तुमी करा. एकटे."

मी केली. दारं सोपी नव्हती. आटगाववाल्याने ऐकून घेतलं आणि पाणी दिलंच नाही. ते त्याचं बरोबर होतं. उंबरमाळीला टेकाडाच्या कडेला आमच्या गटातल्या एकाचं घर आहे. तो अंगणात कोयता पाजळत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, एकही शब्द पदरचा न घालता.

त्याने विचारलं, "मंग साहेब का नाय आला?"

"यायचंच नव्हतं."

"आन बिबट्या कशाला धाडला?"

"तो बोलत नाही म्हणून."

त्याने कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "आमचा बरा रे त्याच्यापेक्षा," तो म्हणाला. "कोंबडी नेतो, पन कुटुंब नाय म्हनत."

मग त्याने घरात हाक मारून पाणी मागवलं.