शाहूपुरीतलं पहिलं प्रेसिंग

मिलिंदचं नशीब बघून माझा जीव जळतो. जुन्या अमेरिकन सोल संगीताच्या रेकॉर्ड्स आम्ही दोघंही जमवतो. जुन्या बाजारात धूळ मी खातो आणि घबाड याला लागतं. २००५ मध्ये तो सहज म्हणाला, "कोल्हापूरला एक काका आहेत, जहाजावर इंजिनिअर होते. तू शोधतोयस ती रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे. येतोस?" दुसऱ्या दिवशी स्वारगेटला मी त्याच्या आधी हजर.

रस्ता चौपदरी झाल्यानं एसटीचा प्रवास सुखाचा झाला. तिकीट दीडशेच्या आत. उतरल्यावर आधी मिसळ खा, पण जपून. माझ्या पोटात आग आधीपासूनच होती, त्यात कटाची भर पडली.

शाहूपुरीतल्या घरी काकांनी बजावलं, "पावणं, जेवल्याबिगर रेकॉर्डला हात लावायचा न्हाय." तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर त्यांनी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आणल्या. एकीचं कव्हर फाटलेलं, दुसरी कोरी करकरीत.

"ही जहाजावरनं आणली. चांगली हाय म्हणून कधी लावलीच न्हाय," काकू म्हणाल्या. "ऐकायला मग कलकत्त्यात छापलेली घेतली की."

मी भिंग काढलं. लेबलवर विसंबू नये; जुनी उरलेली लेबलं कारखानेवाले नंतरच्या प्रतींवरही चिकटवत. गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा बघावा. कोऱ्या प्रतीवर तो शेवटी एकवर संपत होता. पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्या साच्यातून निघालेली प्रत!

तोवर मिलिंदनं काकूंना फाटकी प्रत लावायला सांगितली होती. सुई एका जागी अडकायची, काकू तेवढी ओळ स्वतः म्हणून सुई पुढं ढकलायच्या. तिघं पोट धरून हसत होते. मी भिंग घेऊन कोपऱ्यात.

"पोरांस्नी ह्यात रस न्हाय. एकेक न्या," काका म्हणाले. कोरी प्रत मी झटकन उचलली. मिलिंद म्हणाला, "काकू, तुमची तुमच्याकडेच राहू दे. मी ऐकायला येत जाईन."

मूर्ख, असं मी परतीच्या एसटीत मनात म्हणालो. पुण्यात आल्यावर लावून ऐकली. आवाज स्वच्छ, एक खरखर नाही. जमवणारे मित्र बघायला आले, जळले. मला बरं वाटलं, आठवडाभर.

मिलिंद आता दर दिवाळीला कोल्हापूरला जातो. काकू त्याच्यासाठी चकल्या राखून ठेवतात. परवा न राहवून विचारलंच, "माझी काही चौकशी?"

"केली ना," तो म्हणाला. "काकू म्हणाल्या, रेकॉर्ड बरी हाय न्हवं?"