सीताखाईनं न परतवलेली हाक

मी विज्ञानाचा मास्तर. या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते करमणूक म्हणून, हे आधीच कबूल केलेलं बरं. अमळनेरला आमच्या गल्लीत एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली दुपारी बाराला कुणी थांबत नसे. मी त्याच्या सावलीत बसून दोन उन्हाळे पेपर तपासले. मुलांची उत्तरं सोडली तर तिथे अंगावर काटा यावा असं काही आढळलं नाही. तेव्हा मी काय सांगतोय ते घाबरट माणसाचं बोलणं समजू नका. खरं तर यात घाबरण्यासारखं भूतबीत काही नाहीच… आणि अडचण तीच आहे.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. माझी सासुरवाडी भडगावजवळ, गिरणेकाठी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत, सासूबाईंना अक्का. नानांचे धाकटे भाऊ म्हणजे भाऊसाहेब. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि ही गोष्ट ते झोपेतसुद्धा विसरत नसत. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की सगळ्या भावकीला तोरणमाळ दाखवायचं. नुसतं दाखवायचं नाही, तर सीताखाईच्या काठावर भरीत-पुरीची पार्टी करायची.

आता खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजतात. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. गॅसवर भाजलेलं वांगं आमच्या लेखी आजारी माणसाचं पथ्य. म्हणून आम्ही मॅटॅडोरच्या टपावर पऱ्हाट्यांचे भारेच्या भारे बांधून निघालो – सातपुड्याच्या जंगलात, जिथे जळणाशिवाय दुसरं काही नव्हतं!

"भाऊसाहेब, तिथे लाकडं मिळतील की," मी म्हटलं.

"जावईबापू, लाकडावर भाजायचं तर मग नाशिकला जन्म घ्यायचा होता," भाऊसाहेब म्हणाले. विषय संपला.

गाडीच्या पुढे कापडी बॅनर होता – 'तोरणमाळ सहल. नेतृत्व : भाऊसाहेब'. दोंडाईच्याच्या अलीकडे त्याची एक दोरी सुटली आणि बॅनर काचेवर येऊन बसला. काही क्षण आम्ही भाऊसाहेबांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण आंधळेपणानं पुढे गेलो. गाडी एका कपाशीच्या शेतात शिरून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. शेतकरी धावत आला, चार अहिराणी शिव्या दिल्या, मग टपावरच्या पऱ्हाट्या पाहून म्हणाला, "आते मनं वावर बी बांधी ल्या!"

शहाद्याच्या पुढे घाट लागला. त्या वळणांवर गाडी धापा टाकायला लागली. आम्ही सगळे उतरून ढकलत होतो, चाकामागे दगड लावत होतो. भाऊसाहेब मात्र पुढच्या सीटवर बसून काचेतून हात दाखवत होते, जणू गाडी त्या हातानंच चढत होती. एका वळणावर मागचं दार उघडलं आणि वांग्यांचं पोतं फुटलं. हिरवीगार वांगी घाटातून खाली धावत सुटली आणि त्यांच्यामागे आमची अर्धी भावकी! अक्का रस्त्याच्या मधोमध पदर पसरून उभी राहिली आणि तिनं पाच-सहा वांगी झेलली. मी इतका हसलो की कठड्याला धरून बसलो. अजूनही त्या प्रवासाचं नाव काढलं की मला आधी हसू येतं, मग पुढचं आठवतं.

वर पोचलो तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. अवकाळी. खाली कापूस वेचायचा राहिला होता, म्हणून नाना दर पाच मिनिटांनी वर पाहून चुकचुकत होते. पण सीताखाईच्या काठावर आल्यावर तेही खाली पाहू लागले.

मी पुस्तकांत दऱ्याखोऱ्यांची वर्णनं पुष्कळ वाचली आहेत. बहुतेक लेखक विशेषणांची पोती घेऊन तिथे जातात. मला त्या काठावर एकही विशेषण सुचलं नाही. जमीन चालता चालता एकाएकी संपते. खाली पाहिलं की डोळे उतरतात, उतरत राहतात, पोचत नाहीत. समोर काळ्या कातळाची भिंत, तिच्यावरून पाण्याची एक बारीक धार, आणि आपल्या पायांच्या खाली – हो, खाली! – घारी फिरत होत्या. सुनंदानं, माझ्या बायकोनं, माझा हात इतका घट्ट धरला की तसा लग्नातही धरला नव्हता.

तिथे प्रतिध्वनी फार स्पष्ट येतो. मी लगेच सगळ्यांना समजावून दिलं, की समोरच्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, इथे दोन-तीन भिंती असल्यामुळे दोन-तीनदा येतो. कुणीही ऐकलं नाही, कारण भाऊसाहेब काठावर जाऊन खाईला उद्देशून ओरडले होते, "दूध सोसायटीचे चेअरमन, भाऊसाहेब!"

खाईनं उत्तर दिलं, "साहेब… साहेब… साहेब…"

"पाहिलं?" ते म्हणाले, "दगडालासुद्धा माणूस कळतो."

मग त्यांनी भाषण सुरू केलं. भाऊसाहेबांचं भाषण सुरू झालं की नाना उठून जात – घरी, लग्नात, सगळीकडे. तसेच ते त्या दिवशीही उठले आणि काठाकाठानं ओढ्याच्या दिशेनं गेले. कुणाला त्यात काही वाटलं नाही. बायका तीन दगड मांडून पऱ्हाट्या पेटवत होत्या.

आणि खाईतून ढग वर आला.

वरून उतरणारं धुकं मी पाहिलं होतं. हे खालून उकळत्या दुधासारखं वर आलं आणि काठावरून उतू गेलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. चूल चार पावलांवर होती, तिचा फक्त वास येत होता. आधी सगळ्यांना गंमतच वाटली. मग अक्काचा आवाज आला, "हे कोठे शेतस?"

'हे' म्हणजे नाना, ते कुठे आहेत असं ती विचारत होती. ते ओढ्याकडे गेलेले, खाईच्या काठानं, आणि काठाला ना कठडा ना दोर.

आमच्यात एक पद्धत आहे. माणूस हरवला की सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायचं. "नानाऽऽ!" सगळा जमाव ओरडला. त्यात आमच्या भावकीत नाना तीन. उरलेल्या दोघांनी धुक्यातून "ओऽ!" दिली. अक्का "अहोऽऽ!" करून हाक मारू लागली, तर चुलीपासून, गाडीपासून, चार-पाच नवरे एकदम "काय वं?" म्हणून बोलले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर महिनाभर हसलो असतो. पण तेवढ्यात लांबून नानांचा आवाज आला, "अरे, कोनबाजूले येऊ? बठ्ठीकडथून हाका येतस!"

त्यांना सगळीकडून हाका ऐकू येत होत्या. मी मघाशी ऐटीत शिकवलेलं सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. आम्ही एक हाक मारत होतो, खाई तीन मारत होती. नाना ज्या आवाजाकडे चालत होते, तो बहुतेक समोरच्या भिंतीवरून येत होता. मध्ये काय होतं ते मी सांगायला नको.

"गप्प बसा!" मी किंचाळलो. खाई म्हणाली, "बसा… बसा… बसा…"

"नाना, हालू नका! उभे राहा!"

"उभं कसं ऱ्हाऊ?" नानांचा आवाज आता बदलला होता. "गवत वल्लं शे… पाय सरकस."

मग दगड सुटल्याचा आवाज आला. खर्रर्र… आणि नंतर काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मग खूप खालून एक बारीकसा टक्.



"नाना!" भाऊसाहेब रडवेल्या आवाजात ओरडले. "दादा रे, इकडे!" तीनदा परत आली ती हाक, स्पष्ट. त्या माणसाचा सगळा चेअरमनपणा त्या एका हाकेत गळून पडला होता. मला ते त्याआधी कधी इतके आवडले नव्हते.

"शेऽ मी, शेऽ…" नाना म्हणाले. "पन कोनबाजूले जाऊ ते सांगा. लवकर सांगा."

तेव्हा अक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला ती दिसत नव्हती, तिच्या बांगड्या कळल्या. इथे एक सांगायला हवं. नानांचं खरं नाव सुपडू. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, अक्कानं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. नावच काय, धान्य पाखडायच्या सुपाला ती सूप म्हणत नसे, 'पाखडणं' म्हणायची. लग्नात उखाण्यासाठी बायकांनी अडवून धरली, तर म्हणे ती रडली होती, पण नाव घेतलं नव्हतं.

ती ओरडली, "सुपडू! आठे ये! सरळ ये!"

अरे-तुरेत. नवऱ्याला. सगळ्या भावकीसमोर.

मी पुढच्या क्षणाची वाट पाहिली, म्हणजे खाई ते नाव परत फेकेल त्याची.

खाईनं ते परत फेकलं नाही.

हाक गेली आणि गेलीच. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, घंटा वाजल्यासारखा तिचा आवाज माझ्या कानात होता. भाऊसाहेबांच्या दोन हाकांपेक्षा ती एक हाक मोठी होती. अक्कानं पुन्हा हाक मारली, "सुपडू, ये!" पुन्हा तेच. भिंती जणू जागेवरून उठून गेल्या होत्या. सुनंदा पुटपुटली, "आवाज परत नाही आला… ऐकलं का तुम्ही?" म्हणजे भास एकट्याला नव्हता.

तिसऱ्या हाकेला धुक्यातून पावलं वाजली. मग काठी. ढग जरा विरळ झाला होता. मग गुडघ्यापर्यंत चिखल झालेलं धोतर आणि त्यावर नाना. सरळ अक्कासमोर येऊन उभे राहिले, जणू दोरी धरून आले होते. तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे – "तू माले अरे म्हनी?"

अक्कानं पदर तोंडावर घेतला. मग जो हशा उठला तो मात्र खाईनं तीनदा परत केला. तीनही वेळा, पूर्ण! मी शपथेवर सांगतो.

थोड्या वेळानं ढग फाटला आणि सगळी खाई पुन्हा उन्हात उघडी पडली. नाना उभे होते ती जागा आम्ही पाहिली. उतारावरचं गवत चपलेनं सोललेलं होतं, ते थेट काठापर्यंत. त्याच्यापुढे घारी फिरत होत्या. भाऊसाहेबांनी ती जागा पाहिली आणि संध्याकाळपर्यंत एकही भाषण झालं नाही.

पण मला चैन पडेना. अक्का उभी होती त्याच जागी उभा राहून मी ओरडलो, "सुपडूऽऽ!" – सासऱ्यांच्या देखत, त्यांची माफी मागून. खाई म्हणाली, "पडू… पडू… पडू…" सुनंदाला ओरडायला लावलं. तीनदा. दोन चुलतसासवांना लावलं. तीनदा. नानांनी स्वतःचं नाव स्वतः ओरडून पाहिलं, तेही तीनदा. मग सगळे अक्काकडे वळले.

"अक्का, फक्त एक वेळा," मी हात जोडले.

"जावईबापू," ती वांगं उलटत म्हणाली, "तुम्हना नाना सापडी गयात ना? मंग आते कसाले?"

मी नानांना विचारलं, तुम्हाला काय ऐकू आलं? ते पुरी मोडत म्हणाले, "तुम्हन्या हाका बठ्ठीकडथून येत व्हत्यात. पन हिनी हाक एकच व्हती. पाठीमागतून. मोठी बी नव्हती… चुल्हापासून जेवाले बलावस ना, तशी." मी शेजारी उभा होतो, माझे कान दुखले होते. आणि नानांना ती चुलीपासून मारल्यासारखी ऐकू आली.

आता स्पष्टीकरणं. धुक्यात आवाज शोषला गेला म्हणावं, तर त्याच धुक्यात भाऊसाहेबांची हाक क्षणभरापूर्वी तीनदा परत आली होती आणि सगळ्यांचं हसू क्षणभरानंतर. वारा म्हणावा, तर गालाला झुळूकही लागत नव्हती. तिची पट्टी वेगळी म्हणावी, तर सुनंदाचा आवाज थेट आईचा आहे, फोनवर मी अजून फसतो. आम्ही घाबरलेलो होतो, परतीचा आवाज ऐकलाच नाही म्हणावं, तर इतक्या जणांनी एकच हाक, तीन वेळा, ऐकली नाही? नव्वदनंतर मी दोनदा तिथे गेलो, एकदा मुद्दाम ढगांत. खाई दर वेळी चोख वागली. जे दिलं ते तीनदा परत.

हे लिहायच्या आधी भडगावला जाऊन अक्काला पुन्हा विचारलं. "खाईले इचारा," म्हणाली, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या नानांना आतून हाक मारली, "अहो, चहा हुई गया, या!"

नाना लगेच उठले. मला काही कळलेलं नाही. त्यांना मात्र काही कळायचं राहिलंय असं दिसलं नाही.