एकोणीस

मराठी दिनाच्या कार्यक्रमाला शाळेचं जे सभागृह भाड्यानं घेतलं होतं, त्यात दोनशे चाळीस खुर्च्या होत्या. मी मोजल्या होत्या. त्यांवर बसलेल्या किती जणांनी फोन वर केले ते मात्र मला मोजता आलं नाही, कारण तोवर मी उठून स्टेजकडे निघालो होतो.

मी शारजात अल नहदाला राहतो. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहे. किती काँक्रीट पडलं, किती मीटर पाइप लागला, हे मोजण्यावर माझं घर चालतं. त्यामुळे लिफ्टमधली मुलं बायकोच्या लक्षात आली तेव्हा तिनं ती मला आकड्यातच सांगितली. "अहो, सकाळी अकराला लिफ्टमध्ये चार मुलं होती. विचारलं, स्कूल नहीं गए? म्हणाली, छुट्टी है. तीन आठवडे मी हेच ऐकतेय. कुठल्या शाळेला तीन आठवडे सुट्टी असते?"

कुठल्याच नाही. कुणाच्या बापाची नोकरी गेली होती, कुणाचा व्हिसा संपला होता, कुणी लढाई चाललेल्या देशातून आलं होतं आणि कागद तिकडेच राहिले होते. व्हिसा नाही तर शाळेत प्रवेश नाही. मग आमच्या मजल्यावरच्या दोन बायका आणि माझी बायको अशा तिघींनी ठरवलं की शनिवारी सकाळी दहा ते बारा मुलांनी आमच्या हॉलमध्ये यायचं. रीतसर शाळेला परवाने लागतात, ते आमच्याकडे नव्हते. म्हणून आम्ही त्याला शाळा म्हणत नसू. शनिवारी मुलं घरी येतात, बस्स.

नियम मात्र होते. दार उघडं राहील. हॉलमध्ये कायम दोन बायका असतील. कुणाचा पत्ता कुणी विचारायचा नाही. आणि फोटो नाही. आत येणाऱ्या प्रत्येकानं, माझ्यासकट, आपला फोन दाराशी ठेवलेल्या पोळ्यांच्या डब्यात टाकायचा. दोन वर्षांत तो डबा एकदाही चुकला नाही. मुलं झाली वीस. इंग्रजी त्या दोघी शिकवत, चित्रं आणि खाणं बायकोकडे, गणित माझ्याकडे.

मला गणित मराठीतच येतं. म्हणजे हिशेब मनातल्या मनात होतो तो मराठीत. म्हणून मी मुलांना पाढे मराठीतून शिकवले. पाकिस्तानी, नेपाळी, सुदानी, सगळ्यांना. कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. बे एके बे म्हणायला मजा येते, एवढं त्यांना पुरलं.

सगळ्यात पुढे होती एक सीरियन मुलगी. अकरा वर्षांची. बाप दुसऱ्या देशात कामाला म्हणून गेला आणि त्याचे फोन बंद झाले. त्याच्या व्हिसावर मुलगी आणि तिची आई होत्या, तो संपून गेला होता. आई पलीकडच्या टॉवरमध्ये एका फ्लॅटच्या एका खोलीत मुलीला घेऊन राहायची आणि लोकांचे कपडे शिवून द्यायची. फ्लॅट ज्याच्या नावावर होता त्याला तिनं सांगितलं होतं की व्हिसाचं काम चालू आहे. ते चालू नव्हतं. ती खोली एवढीच त्यांच्याजवळ होती.

मुलीचं हिंदी गॅलरीत आणि लिफ्टमध्ये शिकलेलं. मराठी आकडे तिला इंग्रजीपेक्षा सोपे गेले, त्याचं कारण तिनंच मला सांगितलं. "बावीस, दो-बीस. हमारे जैसा! अरबी में भी पहले दो, फिर बीस." मी चाळीस वर्षं बावीस म्हणतोय, माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. अडली ती फक्त एकोणीसला.

"अंकल, ये एकोण कौन है?"

"एकोण म्हणजे एक कम. बीस में एक कम."

"तो सीधा नौ-दस बोलो ना. आप लोग नौ से डरते हैं?"

सगळा हॉल हसला. तेव्हापासून एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं काही आलं की ती बोट वर करून ओरडायची, "एक कम!" आणि बाकीची एकोणीस पोरं तिच्या मागून.

आता मंडळाबद्दल. आपल्या लोकांचं मंडळ आहे, अकरा जणांची समिती आहे. पहिल्या वर्षी मी समितीकडे गेलो होतो. पैसे मागायला नाही, ते गोळा करायला इथे वेगळे नियम आहेत. महिन्यातून एका शनिवारी दोन तास कुणी द्याल का, एवढंच विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो साहेब, आपल्याच मुलांना मराठी येत नाही, त्यांचं आधी बघू." आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या एका समिती सदस्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं की तुमची ती पोरं लिफ्टनं आणू नका, जिन्यानं आणा, लिफ्टला वास राहतो. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. एकूण एकशे साठ पायऱ्या.

हेच अध्यक्ष यंदा कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला शनिवारी आले. फोन डब्यात टाकताना हसले. "काय कडक सिक्युरिटी!" तेवढ्यात आत मुलीचा आवाज आला: "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न." ते तिथेच थांबले. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माणसाला दुकानात हवी ती वस्तू दिसल्यावर चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

"ही? अरबी? अहो, हिला आपण स्टेजवर घेऊ!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर मलाही बरं वाटलं. दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि मुलीचे डोळे चमकले होते. "स्टेज? माइक भी?"

तिची आई दुसऱ्या दिवशी आली. तिला अरबीशिवाय काही येत नाही, मुलगी मध्ये उभी राहून सांगत होती. आई बोट हलवून एकच म्हणत राहिली. "ला सूरा. ला सूरा."

"फोटो नहीं," मुलगी म्हणाली. "फोटो देखेगा तो फ्लॅटवाला पूछेगा, ये लोग कौन हैं, पेपर दिखाओ. फिर हम बाहर."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. अध्यक्षांना लेखी कळवलं: फोटो-व्हिडिओ नाही, नाव नाही, निर्वासित हा शब्द नाही. तीन अटी, तीन ओळी. उत्तर आलं, अंगठा आणि "१००%".

कार्यक्रमाच्या दिवशी समितीतल्या बायकांनी तिला नऊवारी नेसवली. दाबाची नथ लावली, ती नाकाला चिमटा काढत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं बाई, किती गोड, किती गोरी!" म्हणून तीच लिफ्टवाली बाई तिचे गाल ओढत होती. लिफ्टमध्ये वास येणारी मुलगी नऊवारीत गोड झाली होती. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, नवव्या रांगेत. पुढच्या आठ रांगा मान्यवरांना होत्या.

निवेदिकेनं सांगितलं, "कृपया फोटो काढू नयेत." पडदा उघडला आणि फोन वर झाले. पहिल्या रांगेपासून.

तिनं एकोणीसचा पाढा म्हटला, न अडखळता. टाळ्या झाल्या. तिनं तिथेच थांबून आत जायचं होतं. पण अध्यक्ष फेटा सावरत माइक घेऊन पुढे आले. "वा बेटा! नाम क्या है तुम्हारा? कहाँ से आई हो? कहाँ रहती हो?"

माझ्या वर्गात अर्धवट उत्तर चालत नाही. पूर्ण वाक्यात बोल, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. तिनं पूर्ण वाक्यात सांगितलं. मेरा नाम अमुक है. मैं सीरिया से आई हूँ. मैं अल नहदा में अमुक सुपरमार्केट के पीछे, अमुक टॉवर में रहती हूँ. तीन प्रश्न, तीन वाक्यं. आणि बरोबर आहे ना, म्हणून तिनं गर्दीत मला शोधलं. मी सवयीनं मान डोलावली. मग मला कळलं ती काय बोलली ते, आणि मी उठलो. शेजारी तिची आई माझ्या बायकोचा हात धरून बसली होती. तिला शब्द कळले नव्हते, फोन कळले होते. तिनं डोक्यावरचा रुमाल पूर्ण चेहऱ्यावर ओढून घेतला होता.

मी विंगेत पोचलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बघितलंत? हॉल डोक्यावर घेतला!" मी म्हटलं, क्लिप कुठेही जाता कामा नये. "अहो हो, घरच्या ग्रुपपुरतीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना माझ्या मुलीनं फोन पुढे केला. ती बारावीला आहे. "बाबा, शी इज ऑन रील्स. शी सेज द बिल्डिंग नेम अँड एव्हरीथिंग." वर लिहिलं होतं: सीरियन निर्वासित चिमुकलीच्या मुखी आपली माय मराठी! पुढे जोडलेले हात, पाच वेळा.

मी अध्यक्षांना फोन केला.

"साडेचार हजार व्ह्यूज झालेत साहेब! उलट फेमस केलं आपण तिला."

"आत्ता काढा."

"मी काढतो हो, पण फॉरवर्ड झालंय. आता खलास. तुम्ही फार टेन्शन घेता. आपण असं करू, तिच्या आईला एक शाल देऊ."

मी फोन ठेवला. बेसिनवर जाऊन हात धुतले, जेवण अर्धं राहिलेलं असताना.

तिसऱ्या दिवशी चार वाजता दाराची बेल वाजली. मुलगी, आई आणि दोन बॅगा. शिवणयंत्र तिकडेच राहिलं होतं. फ्लॅटवाल्याला क्लिप त्यांच्या टॉवरच्या ग्रुपवर मिळाली होती. त्यानं पासपोर्ट मागितले, पानं उलटली, आणि दुपारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. माझ्या फ्लॅटवर लफडं नको, म्हणाला. अजमानला आईच्या ओळखीची एक बाई होती. तिच्या घरी चार दिवसांनी जागा होणार होती. चार दिवसांचा प्रश्न होता.

बायकोनं त्यांना जेवायला वाढलं. मी बेडरूममध्ये जाऊन समितीच्या अकराही जणांना फोन लावले. चार दिवस, एक खोली. चौघांनी उचलला नाही. तिघं म्हणाले, बघतो. दोघं म्हणाले, इन्शाल्ला, म्हणजे नाही. एकाकडे पाहुणे होते. अकरावे अध्यक्ष. ते म्हणाले, "व्हिसा नसलेल्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे, तुम्हाला माहीत नाही का? तुम्हीही जपा." स्टेजवर तिच्या खांद्यावर हात ठेवताना हा कायदा त्यांना आठवला नव्हता.

मी बाहेर आलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या मुलीच्या खोलीकडे. माझी नोकरी, माझा व्हिसा, मुलीची बारावी. मी ही कारणं मनात मोजली. तिन्ही खरी आहेत. पण त्या अकरांनाही त्यांची कारणं खरीच वाटत असणार. बारावा मी.

"अजमानवालीला आत्ताच विचारूया का," मी म्हटलं. बायको उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

अजमानची बाई हो म्हणाली, बाल्कनीत गादी टाकते म्हणाली. मी त्यांना गाडीनं सोडलं. अठरा किलोमीटर. मुलगी मागे आईजवळ बसली होती. नाकावर नथेची लाल खूण अजून होती. औद्योगिक भाग मागे पडल्यावर ती म्हणाली,

"अंकल, मैंने गलत बोला?"

"नहीं बेटा."

"पूरा वाक्य बोला था."

"हाँ. बरोबर बोला."

"फिर?"

मी इंडिकेटर लावून गल्लीत वळलो. आईनं उतरताना मला शुक्रन म्हटलं आणि माझ्याकडे न बघता बॅगा उचलल्या. बाल्कनी रस्त्यावरून दिसत होती. तिथे सिलिंडर होता आणि एक तुटकी सायकल.

त्यानंतर बायकोनं अजमानला चारदा फोन केला. दोनदा लागला. नंतर ती बाई म्हणाली, गेल्या, कुठे ते माहीत नाही.

मंडळाचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. मला 'शिक्षणदूत' म्हणून गौरवायचं आहे, सपत्नीक यावे. सोबत कार्यक्रमाचा अहवाल. फोटोत ती मुलगी, अध्यक्ष आणि फेटे. मी पत्राच्या मागे लिहिलं की या फोटोतल्या मुलीला आपण घराबाहेर काढलं आहे, आणि ते परत पाठवलं. 'आपण' असं लिहिलं, 'तुम्ही' असं नाही. त्यावर अंगठासुद्धा आला नाही.

कार्यक्रमानंतरच्या पहिल्या शनिवारी फक्त बारा मुलं आली, बाकीच्या आया घाबरल्या होत्या. बायको घरोघर जाऊन बसली, पोळ्यांचा डबा दाखवायला सोबत घेऊन गेली. पाचव्या शनिवारी सगळी परतली. मी नेहमीसारखी हजेरी मोजली. मुलं ओळीनं एकेक आकडा मराठीत म्हणतात, शेवटचा आकडा मी वहीत लिहितो. शेवटी बसला होता सहा वर्षांचा सुदानी पोरगा.

"एकोणीस," तो म्हणाला.

आणि सगळी एका सुरात, बोट वर करून, तिनं शिकवलं होतं तसं ओरडली, "एक कम!"